एका आवकीवर चालणारी तिजोरी
लहान बेटांच्या सरकारांपुढील आर्थिक पेच आणि त्यातून मिळणारा धडा

ज्या कारखानदाराचा सगळा माल एकच गिऱ्हाईक उचलते, त्याचा धंदा वरवर पाहता सुखाचा असतो. दारोदार फिरावे लागत नाही, जाहिरातीचा खर्च नाही, महिन्याच्या महिन्याला पैसे येतात. अशा सुखाच्या काळात तो नवी माणसे नेमतो, घर वाढवतो, कर्ज काढतो. एके दिवशी ते गिऱ्हाईक दुसरीकडून माल घेऊ लागते आणि मग कळते की आवक थांबली तरी जावक थांबत नाही. हा अनुभव व्यापारी वाचकांना नवा नाही. परंतु जगात काही सरकारेही याच स्थितीत आहेत, याची माहिती आपल्याकडे फारशी नसते. ही सरकारे आहेत लहान बेटांची. त्यांचे अर्थकारण कसे चालते, ते कोठे अडते आणि कोणी त्यातून वाट काढली, याचा विचार आम्ही या लेखात करणार आहोत.

बेटांचे ‘प्रदेश’ म्हणजे काय?

सगळीच बेटे स्वतंत्र राष्ट्रे नाहीत. पॅसिफिक महासागरातील गुआम, नॉर्दर्न मारियाना बेटे आणि अमेरिकन सामोआ हे अमेरिकेचे प्रदेश आहेत. कॅरिबियन समुद्रातील माँटसेरात आणि अँग्विला हे ब्रिटनचे प्रदेश आहेत. या प्रदेशांना स्वतःचे विधिमंडळ आहे, स्वतःचा अर्थसंकल्प आहे आणि स्वतःची तिजोरी आहे. अमेरिकेच्या प्रदेशांत गव्हर्नरही लोकच निवडतात. मात्र संरक्षण आणि परराष्ट्र व्यवहार दूरच्या राजधानीकडे असतात.

आपल्या लक्षद्वीपची व्यवस्था याहून वेगळी आहे. लक्षद्वीपला विधानसभा नाही. तेथील प्रशासक केंद्र सरकार नेमते आणि खर्चाची तरतूद केंद्राच्या अर्थसंकल्पात होते. त्यामुळे तेथे तूट आली तर ती दिल्लीची तूट असते. गुआम किंवा सायपान येथे तूट आली तर ती त्या बेटाची स्वतःची तूट असते. जबाबदारी पूर्ण, पण अधिकार अर्धे, अशी ही स्थिती आहे.

अधिकार अर्धे कसे, हे चलनाच्या उदाहरणावरून समजेल. गुआमला स्वतःचे चलन नाही, तेथे अमेरिकन डॉलर चालतो. मोठे राष्ट्र अडचणीत आले तर त्याची मध्यवर्ती बँक चलनाचा भाव खाली येऊ देते, व्याजदर बदलते. बेटाच्या सरकारला यातले काहीच करता येत नाही. त्याच्या हाती तीनच उपाय उरतात : कर वाढवणे, खर्च कापणे किंवा कर्ज काढणे. चौथा उपाय म्हणजे राजधानीकडे हात पसरणे.

तीन कायमची ओझी

पहिले ओझे आकाराचे. २०२० च्या जनगणनेनुसार नॉर्दर्न मारियाना बेटांची लोकसंख्या ४७,३२९ होती. आपल्याकडील एखाद्या लहान शहराएवढी ही वस्ती. पण तेवढ्या वस्तीसाठी विधिमंडळ हवे, न्यायालये हवीत, कर खाते हवे, बंदर, विमानतळ, रुग्णालय, वीजकेंद्र आणि तुरुंगही हवा. लोकसंख्या दहापट झाली तर या गोष्टींचा खर्च दहापट होत नाही, तसाच ती दहाव्या हिश्शावर आली म्हणून खर्चही दहाव्या हिश्शावर येत नाही. दुकान लहान असले तरी तराजू, वखार आणि राखणदार लागतोच, त्यातलाच हा प्रकार.

दुसरे ओझे समुद्राचे. धान्य, सिमेंट, औषधे, यंत्रांचे सुटे भाग आणि वीजकेंद्राचे तेल जहाजाने येते. तेलाचा भाव वाढला की विजेचा खर्च वाढतो, आणि सरकार स्वतःच विजेचे मोठे गिऱ्हाईक असल्यामुळे त्याचाही खर्च वाढतो. जहाजाचे भाडे प्रत्येक वस्तूच्या किमतीत मिसळते. बाहेर जाणारा माल थोडा असेल तर जहाज परत जाताना रिकामे जाते आणि त्या रिकाम्या फेरीचे भाडेही येणाऱ्या मालावरच पडते.

तिसरे ओझे लोकांच्या जाण्याचे. गुआम आणि मारियाना येथे जन्मलेले लोक अमेरिकेचे नागरिक असतात. कर वाढला, नोकऱ्या गेल्या, तर ते विमानात बसून हवाई किंवा कॅलिफोर्नियाला जाऊ शकतात. मारियाना बेटांची लोकसंख्या २००० साली ६९,२२१ होती. २०१० मध्ये ती ५३,८८३ झाली आणि २०२० मध्ये वर सांगितलेल्या आकड्यावर आली. यात परत गेलेले परदेशी कामगारही पुष्कळ आहेत. तरीसुद्धा वीस वर्षांत जवळजवळ एकतृतीयांश गिऱ्हाइके कमी झाली, तर कोणते दुकान पूर्वीचा खर्च चालवू शकेल? आणि जाणारा माणूस बहुधा कमावता असतो. मागे राहतात ते वृद्ध, आणि त्यांना रुग्णालय व निवृत्तिवेतन लागते.

ही तीन ओझी दूर करता येत नाहीत, ती धरूनच हिशेब मांडावा लागतो. खरा प्रश्न पुढचा आहे. आवक चांगली असताना सरकार काय करते? याचे उत्तर आपण मारियाना बेटांच्या इतिहासात पाहू.

सायपानची कहाणी

सायपान हे मारियाना बेटांचे मुख्य बेट. १९७५ साली तेथील लोकांनी मतदान करून अमेरिकेशी करार स्वीकारला आणि १९७८ मध्ये त्यांचे स्वतःचे सरकार सुरू झाले. या करारात दोन सवलती होत्या. परदेशी कामगारांना आणण्याचे नियम बेटाने स्वतः ठरवायचे आणि किमान वेतनही स्वतः ठरवायचे. शिवाय बेटावर तयार झालेला माल अमेरिकेत जकातीशिवाय जात असे आणि कापडी मालाच्या आयातीवर त्या काळी जो कोटा होता, तोही या मालाला लागू नव्हता.

आशियातील कपडे कारखानदारांनी ही संधी हेरली. १९८० च्या दशकात सायपानवर तयार कपड्यांचे कारखाने उभे राहिले. पुढे त्यांची संख्या तीसच्या वर गेली. चीन आणि इतर देशांतून कामगार आणले गेले. १९९० च्या दशकाच्या अखेरीस येथून अमेरिकेला वर्षाला सुमारे १०० कोटी डॉलरचे कपडे जाऊ लागले. या भरभराटीला काळी बाजूही होती. कामगारांच्या पिळवणुकीबद्दल १९९९ मध्ये अमेरिकेतील न्यायालयांत दावे दाखल झाले. दुसरीकडे जपानी पर्यटकही येत होते. १९९७ च्या सुमारास वर्षाला सात लाख पर्यटक आले. कर आणि शुल्क यांच्या रूपाने तिजोरी भरत होती. सरकारी नोकऱ्या वाढल्या आणि नोकरांना चांगल्या निवृत्तिवेतनाची हमी मिळाली.

येथे वाचकांनी थोडे थांबून विचार करावा. या आवकीचा पाया काय होता? बेटावर कापूस पिकत नव्हता, सूत निघत नव्हते. कारखाने आले ते दुसऱ्यांनी केलेल्या नियमांमुळे. जगातील कापड व्यापाराचा कोटा रद्द होणार, हे तर १९९५ सालीच ठरले होते. त्या वर्षी जागतिक व्यापार संघटना स्थापन झाली आणि दहा वर्षांत, म्हणजे १ जानेवारी २००५ ला, कोटा संपेल असा करार अमलात आला. म्हणजे तयारीसाठी दहा वर्षे होती.

२००५ उजाडले आणि खरेदीदार स्वस्त मालासाठी थेट आशियातील देशांकडे वळले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये जपानच्या मोठ्या विमान कंपनीने सायपानची नियमित उड्डाणे बंद केली. २००७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने बेटाचे किमान वेतन टप्प्याटप्प्याने वाढवण्याचा कायदा केला. कामगारांच्या दृष्टीने तो आवश्यकच होता, पण कारखान्यांचा उरलेला फायदाही त्याने गेला. २००८ च्या कायद्याने परदेशी कामगारांचे नियम वॉशिंग्टनने आपल्या हाती घेतले. २००९ च्या सुरुवातीस शेवटचे कारखाने बंद झाले. एवढ्या घडामोडींत एकही निर्णय सायपानवर झालेला नव्हता.

आवक आटली, पण पगार चालूच होते. मग सरकारने सोपा मार्ग धरला. कर्मचाऱ्यांच्या निवृत्ती निधीत स्वतःचा वाटा पूर्ण भरणे त्याने बंद केले. हा खर्च आज दिसत नाही, त्यामुळे टाळता येतो, अशी समजूत असते. वास्तविक ते कर्जच असते, फक्त सावकाराचे नाव कागदावर नसते. २००९ मध्ये स्थानिक न्यायालयाने सरकारकडे निधीचे २० कोटी डॉलरहून अधिक येणे असल्याचा निर्णय दिला. एप्रिल २०१२ मध्ये त्या निधीने दिवाळखोरीचा अर्ज केला. निधी हा सरकारचाच भाग असल्यामुळे त्याला दिवाळखोरीचे ते कलम लागू होत नाही, असे सांगून न्यायालयाने अर्ज फेटाळला. म्हणजे बुडण्याचीही सोय उरली नाही. अखेर २०१३ मध्ये तडजोड झाली आणि निवृत्तिवेतनाच्या ७५ टक्के रकमेची हमी देण्यात आली. उरलेला पाव हिस्सा सरकारजवळ पैसे असतील तेव्हा, असे ठरले.

तीस वर्षे शाळेत शिकवलेल्या किंवा रुग्णालयात सेवा केलेल्या माणसाने आपल्या पगारातून कापलेला वाटा वेळेवर दिला होता. चुकवला तो मालकाने. शिक्षा मात्र वाट्याला आली ती त्या माणसाच्या म्हातारपणाच्या. जमाखर्चाच्या वहीतील एक ओळ पुढे ढकलली की तिचे ओझे शेवटी कोणाच्या खांद्यावर पडते, हे येथे स्पष्ट दिसते.

यानंतर सरकारने २०१४ मध्ये सायपानवर जुगारगृहाचा मक्ता एका कंपनीला दिला. त्याच्या शुल्कातून निवृत्तांचा राहिलेला पाव हिस्सा भरायचा असा विचार होता. २०१८ मध्ये मोठे चक्रीवादळ आले. मार्च २०२० मध्ये महासाथीमुळे पर्यटन थांबले आणि जुगारगृह बंद पडले. २०२४ मध्ये त्या कंपनीनेच दिवाळखोरीचा अर्ज केला. कपड्यांच्या एका आवकीवरून सरकार जुगाराच्या दुसऱ्या एका आवकीवर गेले होते. आवकीचे नाव बदलले, सवय तीच राहिली.

गुआम : कायदा तेथे, घाटा येथे

गुआमची स्थिती सायपानपेक्षा बरी आहे. तेथे अमेरिकेचे मोठे लष्करी तळ आहेत, आणि तेथील सैनिक व केंद्रीय कर्मचारी जो प्राप्तिकर भरतात तो गुआमच्या तिजोरीत जमा होतो. २०१९ मध्ये सोळा लाखांहून अधिक पर्यटकही आले होते. तरीही एक विचित्र अडचण तेथे आहे.

१९५० च्या कायद्यानुसार अमेरिकेचा प्राप्तिकर कायदाच गुआमला जसाच्या तसा लागू होतो. त्याला ‘आरशातला कायदा’ असे म्हणतात. मूळ कायद्यात जे बदलते ते आरशात आपोआप बदलते. वसूल झालेला कर मात्र गुआमचा. वरवर पाहता ही सोय मोठी आहे. कायदा तयार मिळतो, पैसा आपला राहतो. पण डिसेंबर २०१७ मध्ये अमेरिकन काँग्रेसने कर कमी केले, तेव्हा गुआमचाही महसूल आपोआप घटला. वॉशिंग्टनने आपली तूट कर्जरोखे काढून भरली. गुआमला ते जमणारे नव्हते. त्याने २०१८ मध्ये व्यवसायांच्या ढोबळ उलाढालीवरील कर ४ टक्क्यांवरून ५ टक्के केला. प्राप्तिकरात मिळालेली सवलत अशा रीतीने दुकानातील वस्तूंच्या भावातून परत गेली. हा कर नफ्यावर नसून उलाढालीवर आहे, हे व्यापाऱ्यांनी लक्षात घ्यावे. तोट्यात चाललेल्या दुकानालाही तो भरावाच लागतो.

असेच कमी उत्पन्नाच्या कष्टकरी कुटुंबांना मिळणाऱ्या कर परताव्याचे झाले. तो परतावा काँग्रेसने ठरवलेला, पण द्यायचा गुआमच्या तिजोरीतून. अनेक वर्षे हा भार बेटाने सोसला. २०२१ च्या कायद्याने त्याचा मोठा भाग केंद्र सरकार भरून देऊ लागले. गरिबाला मदत मिळावी यात वाद नाही. पण मदत जाहीर करणारा एक आणि पैसे मोजणारा दुसरा, अशा व्यवहारात दुसऱ्याची ऐपत कोणी विचारात घेत नाही.

अनुदान आणि हिशेबनीस

बेटांना राजधानीकडून अनुदान मिळते, मग तक्रार कशाची, असे कोणी विचारील. अनुदानाचे अर्थकारण समजून घेतले तर उत्तर मिळेल.

एक तर बरेचसे अनुदान ठरावीक कामासाठीच असते. रस्त्याचा पैसा पगाराला वापरता येत नाही. दुसरे असे की पुष्कळ कामांत आधी खर्च करावा लागतो, मग पावत्या दाखवून तो परत मिळतो. ज्याच्याजवळ गंगाजळी नाही, त्याला आधी खर्च करणे कठीण जाते, म्हणून मंजूर पैसाही पडून राहतो. ठेकेदाराचे बिल थकते, आणि थकबाकीची सवय असलेल्या सरकारला ठेकेदार भावही चढाच लावतात. तिसरे, अनुदानातून इमारत उभी राहते, पण तिचे पुढील तीस वर्षांचे छप्पर, रंग आणि वीजबिल बेटालाच द्यावे लागते. समुद्राच्या खाऱ्या हवेत लोखंड लवकर गंजते. देखभालीची तरतूद नसेल, तर नवी इमारत दहा वर्षांतच जुनी होते.

चौथी गोष्ट हिशेबाची. अमेरिकन अनुदान घेणाऱ्या सरकारांना १९८४ च्या कायद्यानुसार दरवर्षी लेखापरीक्षण करून घ्यावे लागते. यासाठी जाणकार हिशेबनीस हवेत. लहान बेटावर असे लोक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके असतात. एखादा तरुण शिकून तयार झाला की त्याला बाहेर दुप्पट पगार मिळतो आणि तो जातो. मग हिशेब रेंगाळतो. दोन वर्षांपूर्वीची शिल्लक माहीत नसताना पुढच्या वर्षाचा अर्थसंकल्प मांडला जातो. रोजमेळ न लिहिणारा दुकानदार जसा गल्ल्यातील नोटा पाहून नफा ठरवतो, तशीच ही गत. आमच्या मते, बेटांच्या सरकारांना मिळणाऱ्या मदतीत चांगल्या हिशेबनिसाच्या पगाराची किंमत एखाद्या नव्या इमारतीपेक्षा जास्त आहे.

एकाच खनिजाच्या दोन वह्या

आता ज्यांनी वेळीच वेगळा विचार केला त्यांच्याकडे वळू. मध्य पॅसिफिकमध्ये नाउरू आणि बनाबा ही दोन लहान बेटे आहेत. दोन्ही ठिकाणी फॉस्फेटचे खडक होते. हा दगड खतासाठी लागतो. विसाव्या शतकाच्या आरंभी तो खणून ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंडच्या शेतांवर नेण्यास सुरुवात झाली.

बनाबा हे ब्रिटनच्या गिल्बर्ट आणि एलिस बेटे या वसाहतीत होते. खडक एक दिवस संपणार हे उघड होते. म्हणून १९५६ मध्ये तेथील वसाहत सरकारने फॉस्फेटवरील कराचा काही भाग बाजूला ठेवून गंगाजळी उभी केली. तो पैसा बेटावर खर्च न करता परदेशातील रोखे आणि भागभांडवलात गुंतवला. १९७९ मध्ये ही वसाहत किरिबाती या नावाने स्वतंत्र झाली, आणि त्याच वर्षी बनाबाचे फॉस्फेट संपले. सरकारच्या महसुलाचा सुमारे अर्धा भाग एका वर्षात गेला. तरी राज्य चालले, कारण खडक संपला तेव्हा मागे पैसा शिल्लक होता. आज ही गंगाजळी १०० कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक आहे. २००० नंतरच्या दशकात तूट भरण्यासाठी तिच्यातून बऱ्याच उचली झाल्या, हेही सांगितले पाहिजे. पण ती संपू दिली गेली नाही.

या चित्रात एक डाग आहे. ज्यांच्या जमिनीखालून हा दगड निघाला त्या बनाबाच्या लोकांना डिसेंबर १९४५ मध्ये फिजीमधील राबी बेटावर नेऊन वसवण्यात आले. आपल्या हक्काचा पैसा मिळाला नाही म्हणून ते लंडनच्या न्यायालयात गेले. १९७६ मध्ये न्यायाधीशांनी, सरकारवर कायद्याने बजावता येईल असे बंधन नव्हते, असा निकाल दिला. गंगाजळी उत्तम राखली गेली. ती कोणाच्या घराच्या मोलाने उभी राहिली, याची नोंदही हिशेबात असावी.

नाउरूची वही वेगळी आहे. २१ चौरस किलोमीटरचे हे बेट १९६८ मध्ये स्वतंत्र झाले आणि १९७० मध्ये फॉस्फेटचा धंदा त्याने आपल्या हाती घेतला. काही वर्षे दरडोई उत्पन्नात ते जगातील श्रीमंत देशांत गणले जाई. त्यानेही निधी स्थापन केला होता. पण तो निधी आणि चालू खर्च यांच्यामधली भिंत कच्ची होती. मेलबर्न शहरात १९७७ मध्ये ५२ मजली इमारत बांधली. मूठभर लोकसंख्येच्या देशाने स्वतःची विमान कंपनी चालवली. १९९३ मध्ये लंडनच्या एका संगीत नाटकातही पैसा घातला, ते नाटक थोड्याच दिवसांत बंद पडले. निधीच्या जोरावर कर्जे काढली. लोकांवर प्राप्तिकर नव्हता, त्यामुळे पैसा कोठे जातो हे विचारण्याची सवयही नव्हती. २००४ मध्ये ती इमारत कर्ज फेडण्यासाठी विकावी लागली. २००५ च्या डिसेंबरात शेवटचे विमानही जप्त झाले. २०१४ मध्ये नाउरूने पगारावर कर बसवला आणि २०१५ मध्ये नव्या नियमांचा निधी पुन्हा सुरू केला.

दगड एकच, समुद्र एकच, खरेदीदारही तेच. फरक पडला तो एका नोंदीने. एकाने फॉस्फेटच्या पैशाचा भाग मुद्दल म्हणून लिहिला, दुसऱ्याने तो उत्पन्न म्हणून लिहिला. खाणीतून दगड काढणे म्हणजे उत्पन्न मिळवणे नव्हे, ती मालमत्तेची विक्री आहे. वडिलोपार्जित जमीन विकून आलेल्या पैशावर जो घरखर्च चालवतो, त्याला कोणी कमावता म्हणत नाही.

मुद्दल राखण्याची रीत

नुसता निधी उभारून भागत नाही, हे नाउरूवरून कळले. रीत कशी असावी हे तुवालूकडून शिकता येते. तुवालू म्हणजे वर सांगितलेल्या वसाहतीतील एलिस बेटे. ती वेगळी झाली तेव्हा फॉस्फेटच्या गंगाजळीत त्यांना वाटा मिळाला नाही. १९८७ मध्ये ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, ब्रिटन आणि स्वतः तुवालू यांनी मिळून सुमारे २.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरचा निधी स्थापन केला.

त्याची दोन खाती आहेत. पहिल्या खात्यात मुद्दल असते. महागाई वाढेल त्या प्रमाणात या मुद्दलाची किंमत दरवर्षी वाढवून धरली जाते. बाजारात गुंतवणुकीची किंमत त्या आकड्यापेक्षा जास्त भरली, तरच वरची रक्कम दुसऱ्या खात्यात जाते. किंमत कमी भरली, तर त्या वर्षी काही मिळत नाही. सरकार उचल करते ती दुसऱ्या खात्यातून. ते खाते म्हणजे मधला हौद. पावसाच्या वर्षी भरायचा, कोरड्या वर्षी वापरायचा. निधीच्या मंडळावर देणगीदार देशांचे प्रतिनिधीही असतात, त्यामुळे एकट्या मंत्र्याला मुद्दलाला हात लावता येत नाही. ही रीत इतकी सरळ आहे की कोणत्याही कुटुंबाच्या दुकानात ती वापरता येईल.

वादळाचा हिशेब आणि एकीचे बळ

बेटाच्या अंदाजपत्रकात आपत्ती हा अपवाद मानता येत नाही. माँटसेरातमध्ये १९९५ मध्ये ज्वालामुखी जागा झाला. राजधानी प्लिमथ राखेखाली गेली, बहुसंख्य लोक बेट सोडून गेले. त्यानंतर तेथील सरकारचा अर्ध्याहून अधिक खर्च ब्रिटनच्या मदतीवर चालत आला आहे. एवढ्या मोठ्या घाताला कोणतीही गंगाजळी पुरत नाही. पण चक्रीवादळांसाठी उपाय निघाला आहे. २००७ मध्ये कॅरिबियन बेटांनी एकत्र येऊन एक सामाईक विमा संस्था काढली. तेथे नुकसानीची पाहणी होईपर्यंत थांबावे लागत नाही. वाऱ्याचा वेग, भूकंपाची तीव्रता असे मोजमाप ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेले की काही दिवसांतच पैसे मिळतात. २०१७ च्या मोठ्या वादळानंतर अँग्विलाला असे पैसे मिळाले. त्यातून पूर्ण नुकसान भरून निघत नाही. पण पहिल्या महिन्याचे पगार, तेल आणि औषधे यांची सोय होते, आणि सरकार मोडून पडत नाही.

एकीचा दुसरा दाखला मासळीचा. किरिबातीची जमीन अवघी ८११ चौरस किलोमीटर, पण तिच्या हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर आहे. पूर्वी परदेशी जहाजे प्रत्येक बेटाशी वेगवेगळा सौदा करीत आणि एकाला दुसऱ्याचा कमी भाव दाखवत. नंतर पॅसिफिकमधील आठ राष्ट्रांनी मिळून जहाजांच्या मासेमारीचे दिवस मोजून विकायला सुरुवात केली आणि किमान भाव ठरवला. २०१२ मध्ये तो दिवसाला ५,००० अमेरिकन डॉलर होता, २०१५ मध्ये ८,००० झाला. मासे तेच होते, विकणारे एकत्र आले एवढेच. अर्थात ट्यूना मासा समुद्राचे तापमान बदलले की जागा बदलतो. म्हणून या पैशालाही कायमची आवक समजून चालणार नाही.

थोडक्यात सांगायचे तर

या अभ्यासातून निघणारे मुद्दे आम्ही येथे एकत्र मांडतो.

१) आवक किती, यापेक्षा ती बंद करण्याचा निर्णय कोणाच्या हाती आहे, हे आधी पाहावे. तो दुसऱ्याच्या हाती असेल, तर त्या आवकीवर कायमचा खर्च चढवू नये.

२) संपणाऱ्या मालाची विक्री मुद्दलाच्या खात्यात लिहावी. खर्च करायचा तो मुद्दलाने मिळवलेल्या उत्पन्नातून.

३) निवृत्ती निधीचा हप्ता ही सर्वांत आधी द्यायची रक्कम होय. ती चुकवणे म्हणजे बोलू न शकणाऱ्याकडून कर्ज काढणे.

४) हिशेब वेळेवर पुरा झाला नाही, तर चांगला विचारही अंधारातच होतो.

५) देखभाल आणि वादळ यांची तरतूद चांगल्या वर्षातच करावी. वाईट वर्षात ती होत नाही.

६) लहान विक्रेत्यांनी एकमेकांशी भाव पाडण्याची स्पर्धा करू नये. एकत्र बसून किमान भाव ठरवावा.

सायपानला दहा वर्षांची आगाऊ सूचना होती. १९९५ ते २००५ या काळात कपड्यांच्या आवकीतून दरवर्षी थोडी रक्कम बाजूला पडली असती आणि निधीचे हप्ते नियमाने भरले गेले असते, तरी कारखाने बंद पडायचे ते पडलेच असते. मात्र त्यांच्या बरोबर निवृत्तांचा पाव हिस्सा गेला नसता. आवक टिकवणे प्रत्येक वेळी आपल्या हाती नसते. ती असताना वहीत कोणत्या बाजूला काय लिहावे, हे मात्र प्रत्येकाच्या हाती असते, मग ते बेटाचे सरकार असो की बाजारपेठेतील एका गाळ्याचा मालक.